सव्वीस प्रश्न, सव्वीस उत्तरं

काल तुमच्या घरातल्या लहान मुलाने तुम्हाला काय विचारलं, ते तुम्ही सांगू शकाल का? ते काय जेवलं, कुठे धडपडलं, किती वेळा नाक पुसावं लागलं, हे नव्हे. त्याने विचारलं काय? आठवत नसेल तर ओशाळू नका. मी ज्या समितीत काम केलं, तिच्या सात सभासदांपैकी एकालाही हे सांगता आलं नसतं. आणि ती समिती बालशिक्षणाची होती.

मी त्या समितीची पत्रकं लिहीत असे. ही मागच्याच वर्षाची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते, नुकती मॅट्रिक झालेली, आणि मला जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल ठाम मतं होती. हा दोष माझ्या वाढण्याचा. माझे वडील कल्याणच्या एका छापखान्यात कंपोझिटर. छपाईत बिघडलेले ताव ते घरी घेऊन येत. आमच्याकडे फळीवर पत्रकं, ट्रंकेत पत्रकं, डाळीच्या डब्याखाली साराबंदी आणि मिठाच्या बरणीखाली दारूबंदी. तावाच्या कोऱ्या बाजूवर मी बेरजा-वजाबाक्या शिकले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. शेजारच्या मुली ‘घर, नळ, बदक’ वाचत होत्या तेव्हा मी ‘बंधूंनो, आता झोपण्याची वेळ नाही!’ वाचत होते. उद्गारचिन्हाशिवायही वाक्य पूर्ण होतं, हे मला बराच काळ पटलंच नाही. आणि जे छापलं गेलं नाही ते घडलं नाही, असा माझा अगदी मनापासून समज होता.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. जो उठेल तो राष्ट्र घडवत होता. डोंबिवलीतल्या काही सज्जनांना म्हातारपणी वाटलं की राष्ट्र पायापासून घडवावं, म्हणजे पाच वर्षांच्या मुलांपासून. त्यांनी समिती काढली आणि ठाकुर्लीत बालवर्ग उघडला. समितीची बैठक भरे डोंबिवलीत, चिटणिसांच्या ओटीवर. वर्ग ठाकुर्लीत. मध्ये एका स्टेशनाचं अंतर होतं, आणि सभासद ते सहसा ओलांडत नसत. बालशिक्षणाबद्दल बोलायला शांतता लागते, आणि वर्गात ती नव्हती.

चिटणीस म्हणजे निवृत्त हेडमास्तर. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणत असू. त्यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की ते घरात चहा मागत तेव्हाही ठराव मांडल्यासारखं वाटे. एके दिवशी ते मला म्हणाले, “मुली, तू एकदा तो वर्ग पाहून ये. काही तक्रारी कानी आल्या आहेत. तेथे शिकवणे सोडून बाकी सर्व चालते, असे म्हणतात.”

मी वही-पेन्सिल घेऊन गेले. तक्रारी खऱ्या निघाव्यात, अशी माझी इच्छा होती. चांगलं पत्रक झालं असतं.

ठाकुर्ली स्टेशनाच्या एका अंगाला रेल्वेचं वीजघर आणि कामगारांच्या चाळी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि जुनं गाव. रुळांलगत एक शेड होती, छातीपर्यंत विटांची भिंत आणि वर पत्रा. पूर्वी तिथे देवळाच्या उत्सवाच्या मांडवाचे बांबू ठेवत. तोच बालवर्ग. मी पोचले तेव्हा शेड रिकामी होती. मागे अंगणात सव्वीस मुलं एका बिळाभोवती उकिडवी बसली होती आणि त्यांच्यात बाईही उकिडव्या बसल्या होत्या. बाई रत्नागिरीकडच्या, तिशीतल्या, नवरा वीजघरात फिटर. बालशिक्षणाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या, असं समितीच्या कागदात होतं. समोरच्या दृश्यावरून ते खोटं वाटत होतं.

गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारलं, “बाय, मुंगी मेली का तिचे घरचे रडतान का?”

मी पेन्सिल सरसावली. आता बाई काहीतरी बोधपर सांगतील.

“मला नाही ठाऊक,” बाई म्हणाल्या. “कसं कळेल आपल्याला?”

“मारके देखो!” वीजघरात हमालीची कामं करणाऱ्या बनारसकडच्या एका खलाशाची मुलगी म्हणाली.

“नाय नाय, मारू नको!” शेतकऱ्याचा मुलगा ओरडला. “ती आपली हाय!”

“तेरी है? नाम लिखा है उसपे?”

मुंगी कोणाच्या मालकीची यावर पाच मिनिटं भांडण झालं. शेवटी कल्याणच्या निर्वासित छावणीतून इकडे राहायला आलेल्या एका सिंधी मुलाने भिंतीच्या कडेला आधीच मेलेली मुंगी शोधून आणली आणि बिळापाशी ठेवली. सव्वीस डोकी खाली वाकली. दोन मुंग्या आल्या. हुंगून गेल्या. तिसरीने उचलली.

“रडत नाय. उचलून नेतान.”

“कहाँ ले जाती है?”

“घरी.”

“एंदुकु?” एक आवाज आला.

हा शब्द मला कळला नाही. बाईंना कळला. “हो, कशाला बरं नेत असतील घरी?” त्या म्हणाल्या, आणि सगळा घोळका मुंगीच्या मागे सरकला. एक तास. एका मुंगीवर एक तास! अ-आ-ई नाही, पाढे नाहीत, प्रार्थना नाही. मी वहीत ‘अनर्थ’ असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

मुलं घरी गेल्यावर मी बाईंना गाठलं. “बाई, तुम्ही मुलांसमोर ‘मला ठाऊक नाही’ म्हणालात.”

“हो. नव्हतंच ठाऊक.”

“पण तुम्ही शिक्षिका आहात!”

“म्हणून तर खरं सांगितलं. दुसरं कोणी असतं तर दिलं असतं ठोकून काहीतरी.”

“आणि ह्या भाषा? पाच भाषांचा बाजार भरलाय! तुम्हाला तरी येतात का सगळ्या?”

“छे. मला फक्त ‘का’ येतं,” बाई हसून म्हणाल्या. “सिंधी मुलगा ‘छो’ म्हणतो, बनारसवाली ‘काहे’, गुजराती क्लार्कची मुलगी ‘केम’, तेलुगू खलाशाची पोर ‘एंदुकु’. तेवढं एक शिकून घेतलं मी. बाकीचं ती एकमेकांना समजावतात. पाच वर्षांची आहेत, त्यांना अजून कोणी सांगितलं नाहीये की दुसऱ्याचं बोलणं कळत नसतं म्हणून.”

मी परत येऊन गुरुजींना अहवाल दिला. तो इतका जळजळीत होता की गुरुजींनी तो दोनदा वाचायला लावला. पण गंमत अशी की दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा ठाकुर्लीला गेले. मुंग्या मेलेल्या मुंगीला घरी का नेतात, हे मला कळलं नव्हतं, आणि ते कोणत्याही पत्रकात नव्हतं.

बाईंची पद्धत हळूहळू माझ्या लक्षात आली. मुलांना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रश्न विसरू नये यासाठी प्रत्येकाने त्याची खूण आणून टोपलीत टाकायची. गंजका नट, बेडकाचं वाळकं कातडं, माठाची खापरी. रोज टोपलीतून एक वस्तू निघे. ज्याची असेल तो त्याच्या भाषेत प्रश्न विचारी. शेजारी राहणारा कोणीतरी तो आपल्या भाषेत पुढे ढकली. आणि प्रश्न फिरत फिरत सगळ्यांना पोचेपर्यंत त्याला आणखी दोन प्रश्न फुटलेले असत. मग सगळे उठून ती गोष्ट जिथे असेल तिथे जात. लोहाराकडे, तळ्यावर, सिग्नलवाल्याकडे. सिग्नलवाला एकदा कंटाळून बाईंना म्हणाला, “अहो बाई, मला एवढं तर साहेबांनी परीक्षेला पण नव्हतं विचारलं.”

त्या वर्गात तेलुगू खलाशाची जी मुलगी होती, ती पहिले तीन महिने ‘एंदुकु’ पलीकडे काही बोललीच नव्हती. भिंतीला टेकून बसे. एका सकाळी ती एकाएकी उठली, भिंतीवर पंजा ठेवला आणि भराभर काहीतरी म्हणाली. तिच्याच चाळीतल्या बनारसवालीने सांगितलं, “ये बोलती है, दीवार काहे काँपती है?”

सगळ्यांनी भिंतीला हात लावले. काही नाही. शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, “उगाच बोलते. काय हालत नाय.” मुलगी तशीच उभी. थोड्या वेळाने तिने त्याचा हात पकडून पुन्हा भिंतीवर दाबला. त्याचे डोळे मोठे झाले. आणि मग, बऱ्याच वेळाने, मालगाडी आली.

पुढचे पंधरा दिवस ठाकुर्लीत सव्वीस मुलं भिंतींना, झाडांना, विजेच्या खांबांना, स्वतःच्या आज्यांना पंजे लावत हिंडत होती. गाडी आधी कोणाला कळते, हाताला की कानाला? तळपायाला की पोटाला? कोणीतरी जमिनीवर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि गाडीचा आवाज येण्याआधी पाण्यावर कडी उठली. त्या क्षणी त्या मुलांनी जो गलका केला, तसा मी पुढे कोणत्याही सभेत ऐकला नाही. तेलुगू मुलगी मध्ये उभी राहून सगळ्यांना हुकूम देत होती, अर्ध्या तेलुगूत, पाव हिंदीत आणि पाव गावातल्या बोलीत. “नको हात! गप! पानी देखो!”

मी माझा जळजळीत अहवाल मागे घ्यायला गुरुजींकडे गेले. तोवर उशीर झाला होता. गुरुजींनी अहवाल वाचून जे करायचं ते केलं होतं.

ठाण्याहून शाळांचे डेप्युटी तपासणीला येणार होते. त्यांच्या शेऱ्यावर वर्गाची मान्यता अवलंबून. समितीने ठराव केला की तपासणीच्या दिवशी जे मूल शुद्ध मराठीत बोलू शकणार नाही त्याला वर्गातून कमी करावं, आणि ‘घरची भाषा सुटेपर्यंत’ घरीच बसवावं. यादीही तयार होती. अकरा नावं. तेलुगू, सिंधी, हिंदी, गुजराती. आणि त्या अकरांतच गावातली चार मुलं, ज्यांचे पणजोबा त्याच मातीत भात लावत होते.

“गुरुजी, ही चार तर मराठीच आहेत,” मी म्हटलं.

“ती?” गुरुजी म्हणाले. “ती बोलतात ते मराठी नव्हे. ते त्यांचे काहीतरी आहे.”

मी धावत ठाकुर्लीला गेले. बाईंनी यादी वाचली. त्यांचा आवाज चढला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “ही अकरा घरी बसली तर ती परत यायची नाहीत. मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला जातील. पहिली जाईल ती खलाशाची.”

“डेप्युटींना वर्ग आहे तसा दाखवू,” त्या पुढे म्हणाल्या. “तांब्या ठेवू मध्ये.”

पण माझ्या डोक्यात तोवर पत्रक शिरलं होतं. मला सगळं लख्ख दिसत होतं. अकरा मुलांना शुद्ध मराठी बोलायला लागणार. बाईंचा वर्ग प्रश्नांचा. मग प्रश्नच शुद्ध मराठीत का लिहू नयेत? प्रत्येक मुलाला एक प्रश्न. छापून. पाठ करून. डेप्युटींना शुद्ध मराठीही दिसेल आणि प्रश्नही दिसतील. अकरा मुलं वाचतील आणि पद्धतही जिंकेल!

“पाठ केलेला प्रश्न?” बाई म्हणाल्या. “अगं, मग तो प्रश्न कसला?”

“बाई, एका दिवसापुरतं. छापलेलं असलं की गुरुजींना नाकारता येणार नाही. मी त्यांना ओळखते.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंग्या.”

बाईंनी यादीकडे पाहिलं. “मुलं राहणार असतील तर कर,” त्या म्हणाल्या. मी जिंकले होते. वाद जिंकण्यात मी तेव्हा फार तरबेज होते.

मी पुस्तिका तीन दिवसांत लिहिली. नाव: ‘बालजिज्ञासा-दीपिका, अर्थात चिमुकल्यांचे प्रश्न व त्यांची निश्चित उत्तरे’. उत्तरं घालायचं आधी ठरलं नव्हतं. पण नुसता प्रश्न छापलेला बरा दिसेना, खालची जागा रिकामी राही. प्रश्न पहिला: ‘मृत पिपीलिकेस तिचे आप्त कोठे बरे नेतात?’ प्रश्न सातवा: ‘हे गुरुमाउली, आगगाडी येण्यापूर्वी भिंतीस कंप का बरे सुटतो?’ उत्तर: ‘बाळांनो, अवजड वाहनाच्या गतीमुळे भूपृष्ठ कंपायमान होते व तो कंप भिंतीप्रत पोचतो.’ मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते घरात मोठ्याने म्हणून पाहिलं.

छापखान्यात वडील अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता थांबले. “पिपीलिका म्हणजे काय गं?”

“मुंगी.”

“मग मुंगी का नाही? माझे तेवढेच खिळे वाचले असते.”

“बाबा, ते डेप्युटींसाठी आहे.”

“मला वाटलं मुलांसाठी.” त्यांनी पान उजेडात धरलं. “आणि प्रश्नाच्या खालीच उत्तर छापलंयस. मग पोरं विचारतील कशाला?”

“तुम्ही फक्त जुळवा,” मी म्हटलं. माझे वडील आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रकं जुळवत आले होते. त्यांनी तेही जुळवलं.

पाठांतर सुरू झालं. सगळ्यांत आधी तेलुगू मुलीचं झालं. तिला त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ कळत नव्हता, त्यामुळे मध्ये अडखळण्याजोगं काही नव्हतं. ‘कंपायमान’ तर ती असा म्हणे की गुरुजींनी स्वतः येऊन ऐकला आणि डोळे मिटले. त्यांनी ठाकुर्लीला यायची ती पहिलीच वेळ. उलट त्रास दिला तो डोंबिवलीकडच्या दोन शुद्ध मुलांनी. एकाने विचारलं, “गुरुजी, गुरुमाउली कोण? ती का आली नाही?” त्याला कोपऱ्यात उभं केलं.

गुरुजींनी शिस्तही लावून दिली. प्रश्न क्रमाने. उभं राहायचं, हात जोडायचे, क्रमांक सांगायचा, प्रश्न म्हणायचा, उत्तर म्हणायचं, बसायचं. मध्ये हलायचं नाही. टोपली त्या आठवड्यात माळ्यावर ठेवली, कारण ती अस्वच्छ दिसत होती. बाईंचं लक्ष फक्त अकरा मुलांच्या पाठांतराकडे होतं. एखादं चुकलं की त्या घाबऱ्या होत आणि पुन्हा म्हणून घेत. ज्या बाईंनी मला सांगितलं होतं की ‘मला ठाऊक नाही’ हे खरं बोलणं आहे, त्या मुलाला विचारत होत्या, “विसरलास? आता काय रे करायचं?”

डेप्युटी आले. भला माणूस. गळ्यात हार, हातात नारळ, आणि पायांत लांबून चालून आल्याचा थकवा. त्यांना खुर्ची दिली, समोर स्टूल ठेवून कपबशीत चहा दिला. मागे समितीचे सातही सभासद ओळीने बसले.

प्रश्न पहिला झाला. दुसरा झाला. चौथ्याला सिंधी मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारलं की सूर्य मावळल्यावर कोठे बरे विश्रांती घेतो. डेप्युटी पुढे वाकले, प्रेमाने म्हणाले, “हं, त्याचं असं आहे बाळ...” आणि बाळ त्यांच्या बोलण्यावरून उत्तर म्हणत पुढे निघून गेलं, आणि बसलं.

“वा!” डेप्युटी हसले. “मला बोलूच दिलं नाही की!”

“निश्चित उत्तरे आहेत, साहेब,” गुरुजी म्हणाले. “विसंबून राहावे लागत नाही.”

पाचवा. सहावा. सातव्याच्या आधी डेप्युटींनी चहाला हात घातला, आणि थांबले. त्यांनी कपात पाहिलं.

“अरेच्चा! गाडी नाही, काही नाही, आणि हा चहा कसा हलतोय?”

त्या सकाळी त्या शेडमध्ये विचारला गेलेला तो एकच खरा प्रश्न. आणि तो डेप्युटींनी विचारला होता. सव्वीस मुलं हात जोडून बसली होती. तेलुगू मुलगी भिंतीपासून दोन हातांवर. महिन्याभरापूर्वी तिने त्या गृहस्थांना बाहीला धरून उठवलं असतं, त्यांचा पंजा विटांवर दाबला असता, आणि ‘गप! पानी देखो!’ म्हणून दटावलं असतं. तिने कपाकडे पाहिलं. मग गुरुजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी, देवा, ‘म्हण’ अशी मान हलवली.

ती उठली. हात जोडले. “प्रश्न सातवा. हे गुरुमाउली, आगगाडी येण्यापूर्वी भिंतीस कंप का बरे सुटतो...” उत्तराच्या मध्यावर मालगाडी आली. पत्रा थडथडला, कोणाला काही ऐकू येईना. ती थांबली नाही. तिचे ओठ हलत राहिले, आणि गाडी गेली तेव्हा ती बसलेली होती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र वाजवायला विसरल्या.

शेरेबुकात उत्तम शेरा पडला. मान्यता मिळाली. अकराच्या अकरा मुलं राहिली. गुरुजींनी स्वतःच्या हाताने ती यादी फाडली आणि मला पेढा दिला. शेऱ्यात एक सूचनाही होती: ही पुस्तिका इतकी उपयुक्त आहे की इतर वर्गांतही ती लावावी. समितीने लगेच ठराव केला. वर्गात यापुढे दीपिकेतले सव्वीस प्रश्न क्रमाने घ्यावेत, आणि सर्व उत्तरं उपलब्ध असल्याने मुलांना बाहेर नेण्याचं कारण उरत नाही.

‘एका दिवसापुरतं’ म्हणणारी मी पुढे महिनाभर ठाकुर्लीला गेले नाही. दुसऱ्या वर्गांसाठी प्रती पाठवण्यात गुंतले होते. गेले तेव्हा शेडमध्ये शांतता होती. समितीला हवी होती तशी. टोपली बाईंनी माळ्यावरून काढून जागेवर ठेवली होती, आणि ती रिकामी होती.

तेलुगू मुलगी मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आली. तिच्या तळहातावर एक मेलेला हिरवा भुंगा होता, पाठीवर चकाकणारा. इतका सुंदर भुंगा मी पाहिला नव्हता. माझ्या मनात आलं, आली! आता विचारेल.

तिने भुंगा वर धरला आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, “बाई, याचा नंबर कोनता?”

मला आधी कळलंच नाही. बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “रोज एक जण विचारतं. दीपिकेत नंबर नसला तर टाकून देतात.”

मुलीला नंबर मिळाला नाही. तिने भुंगा भिंतीवरून बाहेर टाकला, फ्रॉकला हात पुसला आणि जागेवर जाऊन हात जोडून बसली.

बाई त्याच संध्याकाळी डोंबिवलीला गेल्या, मीही बरोबर. ओटीवर सात सभासद होते. बाई म्हणाल्या, “एक तर पुस्तिका राहील, नाहीतर मी.”

गुरुजींना खरंच वाईट वाटलं. “बाई, तुमच्याच पद्धतीचा हा विजय आहे. तुमचेच प्रश्न आहेत ते!”

“माझे नव्हते, मुलांचे होते.”

“तेच ते. आता सगळ्यांचे झाले.”

“गुरुजी,” मी म्हटलं, “पुस्तिका मी लिहिली. मी ती परत घेते. ती चूक आहे.”

“चूक?” गुरुजींनी चष्मा काढला. “कोठे? एकही मुद्रणदोष नाही. दुसरी आवृत्ती निघते आहे, मुली. पहिलीवर तुझे नाव घालायचे राहिले. या वेळी घालू या का?”

लहानपणापासून मला छापील अक्षरांत स्वतःचं नाव पाहायचं होतं. मी नको म्हटलं. माझ्या सार्वजनिक कार्यात मी केलेलं तेवढंच एक धड काम. समितीने बाईंचा राजीनामा एकमताने आणि आभारपूर्वक स्वीकारला.

आता बाईंचा वर्ग चाळीतल्या त्यांच्या खोलीपुढच्या पडवीत भरतो. शेडमध्ये दुसऱ्या शिक्षिका आल्या आहेत. त्यांच्या हातात दुसरी आवृत्ती आहे. बाईंच्या मागून अकरा मुलं आली. तीच अकरा. मान्यता पावलेल्या वर्गाचा दाखला पुढे पहिलीला उपयोगी पडतो, म्हणून शुद्ध बोलणाऱ्या पंधरांना त्यांच्या घरच्यांनी शेडमध्येच ठेवलं. म्हणजे समितीने जी वाटणी ठरावाने करायची ठरवली होती, ती माझ्या पुस्तिकेने टाळ्यांच्या गजरात करून दिली. मी दर शनिवारी पडवीत जाते. लिहीत नाही, बसते. पहिले काही आठवडे मुलं नंबरच विचारत होती. बाई प्रत्येक वेळी म्हणत, “नंबर मला नाही ठाऊक.” परवा शेतकऱ्याच्या मुलाने विचारलं की पालीची शेपटी तुटली तर दुखतं ते पालीला की शेपटीला. खलाशाची मुलगी त्याला म्हणाली, “एंदुकु? शेपटी को पूछो.” आणि दोघंही आत खोलीतल्या पलंगाखाली शिरली.

पण अकरा मुलांचा वर्ग अपुरा आहे. त्यात सिंधी आहे, तेलुगू आहे, हिंदी आणि गुजराती आहे, गावचं मराठी आहे. तुमच्या घरातलं नाही. प्रश्न एका भाषेतून दुसरीत जाताना वाढतो, आणि तुमच्या मुलाच्या भाषेपर्यंत तो सध्या पोचतच नाही. तेव्हा, डोंबिवलीच्या, कल्याणच्या, ठाण्याच्या सुशिक्षित वाचकांनो, हे वाचून मान डोलावून बाजूला ठेवू नका. तुमच्याकडे चार ते सहा वर्षांचं मूल असेल तर येत्या सोमवारी त्याला घेऊन ठाकुर्लीला उतरा. चाळीत पडवीतला वर्ग कोणीही दाखवेल. मूल तिथे सोडा आणि तुम्ही घरी जा. दाखला मिळणार नाही. कपडे मळतील. आणि निघण्याआधी एवढी कृपा करा: त्याला काहीही शिकवून पाठवू नका.